मागच्या सीटचा वास

कागदाची पांढरी पट्टी तिच्या नाकापुढे आली आणि काहीच झालं नाही. अत्तरांच्या काउंटरवरची मुलगी समोर टाचा जुळवून, ओठांवर हसू ठेवून उभी होती. पट्टीवर तिने नुकताच एक फवारा मारला होता. त्याचा फुस्स आवाज ऐकू आला होता, ओल्या डागाची कड पसरताना दिसली होती, पट्टीचा गारवाही वरच्या ओठाला लागला होता. म्हणजे कान जागेवर होते, डोळे होते, कातडी होती. तिने श्वास आत घेतला, मग आणखी आत घेतला, आणि आत गेली ती नुसती हवा. बंद खोलीचं दार उघडावं आणि खोलीच नसावी, भिंतच असावी, तसं झालं. शेजारी उभ्या असलेल्या लेकीने आपली पट्टी नाकाला लावली, डोळे मिटले आणि "हं," असा लांब हुंकार दिला. दोन पट्ट्या एकाच बाटलीतल्या. एकीला सगळं मिळालं आणि दुसरीला काही नाही.

"कसा आहे?" लेकीने विचारलं.

त्या वेळी तिची नजर बाटलीवर होती. बाटली जड काचेची, काळसर. टोपण गाडीच्या गिअरच्या मुठीसारखं. आणि त्या मुठीवर उडी घेणारा एक चंदेरी मासा. तोच मासा. शेपटी वळलेली, तोंड वर. जगात महागड्या गाड्या काय थोड्या आहेत, पण हा मासा तिच्या घरातला होता म्हटलं तरी चालेल. तिचा नवरा उभी हयात ज्या मालकांकडे ड्रायव्हर होता, त्यांच्या गाडीच्या नाकावर हाच मासा होता आणि तो रोज सकाळी मऊ फडक्याने पुसणं हे नवऱ्याचं पहिलं काम. आता ती गाडी बनवणारी कंपनी अत्तरंही विकायला लागली होती. पुरुषांसाठी.

"चामड्याचा," ती म्हणाली.

काउंटरवरची मुलगी एकदम खुलली. "अगदी बरोबर ओळखलंत, आजी. लोकांना सांगावं लागतं. आधी संत्र्याची साल येते आणि मग चामडं. गाडीच्या सीटचं."

"आमच्या आईचं नाक आहे ते," लेक कौतुकाने म्हणाली. "साधंसुधं नाही. बाबा तर तिला नाकवाली म्हणायचे."

ती हसली. तिच्या मनात आलं, मी खोटं बोलले का? वास तर आला होता. मासा दिसला त्या क्षणी चामडं आलं होतं, चांगलं ताजं मेण लावलेलं, उन्हाने जरा कोमट झालेलं. पण ते पट्टीतून आलं नव्हतं. ते आतून, मागून, कुठल्या तरी बंद खोलीतून आलं होतं आणि नाकाशी येण्याआधीच परत गेलं होतं. आठवणीला नाक लागत नाही, हे तिला या वयात, अत्तरांच्या दुकानात, दोन अनोळखी बायका मागे रांगेत उभ्या असताना कळलं.

लेक काय काय बोलत होती. जावयांचा पन्नासावा वाढदिवस होता रविवारी. "ही गाडी घ्यायची म्हणून कॉलेजात असल्यापासून चित्रं कापून ठेवलीयत त्यांनी," ती काउंटरवरच्या मुलीला सांगत होती. "गाडी काही या जन्मी होत नाही. म्हटलं निदान वास तरी घेऊन देऊ. अंगाला लावून बसतील आमच्या डबड्यात, गप डोळे मिटून." मुलगी मनापासून हसली. बाटलीवरचं बारीक छापलेलं वाचायला लेकीने चष्मा लावला, वाचून झाल्यावर काढला आणि आईच्या पिशवीत टाकला, लहानपणी आपली सगळी चीजवस्तू आईच्या पिशवीत टाकायची तसा. बाटलीची पिशवीही आईकडेच दिली. "तुझ्याकडेच राहू दे. घरी नेली तर तासाभरात शोधून काढतील. रविवारी येताना घेऊन ये." ती हो म्हणाली. पिशवी हातात घेताना तिने उगाच ती नाकाजवळून नेली. कोरा पुठ्ठा, नवी दोरी. याला तर वास यायलाच हवा होता. नव्या वस्तूला वास नाही असं कधी झालंय?

टॅक्सीत ती खिडकीकडे बसली. बाहेर संध्याकाळ व्हायला वेळ होता, ऊन इमारतींच्या वरच्या मजल्यांवर रेंगाळत होतं. रस्त्यात एका ठिकाणी डांबर टाकत होते, धूर उठत होता, आणि ड्रायव्हरने नाक मुरडून काच वर केली. ती त्या धुराकडे बघत राहिली. दिसत होता. बस, दिसत होता. किती दिवस झाले असतील, असा विचार तिने पहिल्यांदाच नीट केला. हिवाळ्यात सर्दी झाली होती, लांबली होती. त्यानंतर जेवणाची चव गेली, तेव्हा तिने भाजीवाल्याला दोष दिला होता. हल्ली भाज्यांना चवच राहिली नाही, सगळं खत आणि पाणी, असं ती फोनवर कितीकांना सांगत होती आणि कितीक जण हो ना, हो ना म्हणत होते. सगळ्या जगाचा वास गेला असं वाटलं तिला, आपला गेला असं नाही. माणूस आपल्याला सोडून सगळीकडे बोट दाखवतो. आणि मग अक्का आठवली. खरं म्हणजे अक्का दुकानातच आठवली होती, पट्टी नाकाशी असतानाच, पण तिने तिला दाराबाहेर उभं करून ठेवलं होतं.

अक्का तिची थोरली बहीण. दूध उतू जाऊन, करपून, भांडं काळं होऊन घरभर धूर झाला होता आणि अक्का शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसली होती, पाय हलवत, मजेत. धावत आलेल्या सगळ्यांनी तिला हसून घेतलं. "अक्का, नाक काय गहाण टाकलंस?" असं हिनेच विचारलं होतं, आणि सगळ्यात मोठ्याने हीच हसली होती. अक्कासुद्धा हसली. ते पहिलं. मग वस्तूंची नावं जायला लागली. मग माणसांची. एकदा ही भेटायला गेली तर अक्काने मोठ्या अगत्याने खुर्ची पुढे केली आणि विचारलं, "बसा ना. कुणाकडे आलात आपण?" त्या आवाजातली आदब अजून तिच्या कानात होती, आणि तीच सगळ्यात भयानक होती. शिवी दिली असती तर बरं. पुढे अक्का रस्त्यावर निघून जायची म्हणून तिच्या खोलीला कडी लावली. बाहेरून. डॉक्टर हात धुता धुता सहज म्हणाले होते, "कधी कधी असं होतं. आधी वास जातो." आणखीही काही म्हणाले होते, वास गेलेल्या सगळ्यांचंच असं होतं असं नाही, सर्दीनेही जातो, वयानेही जातो. पण ते वाक्य तिला गुळगुळीत, पुसट आठवत होतं आणि आधी वास जातो हे मात्र लख्ख. मन आपल्याला हवं ते ठेवतं म्हणतात. तसं काही नाही. मन आपल्याला घाबरवील ते ठेवतं.

"गप्प का गं?" लेक म्हणाली.

"कुठे काय. दमले."

"पायांत सूज नाही ना? आणि आई, नळ बंद केलायस ना निघताना?"

हा प्रश्न आता कायमचा झाला होता. महिन्यापूर्वी तिने नळ सुरू ठेवला, पाणी गेलेलं होतं, आणि ती बाहेर पडल्यावर ते आलं. खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या कपाटापर्यंत गेलं. त्याच्या आधी किल्ली दाराला बाहेरून तशीच राहिली होती रात्रभर. लेक तेव्हा रागावली नव्हती. रागावली असती तर हिलाही चार शब्द सुनावता आले असते. लेक शांतपणे म्हणाली होती, "आई, आता आणखी एक काही झालं ना, तर मी तुझं काही ऐकणार नाही. आमच्याकडे यायचं." आणि लेकीच्या घरची मागची छोटी खोली रिकामी झाली होती. कॉम्प्युटर बाहेर आला होता, तिथे एक पलंग आला होता, नवा, प्लॅस्टिकही न काढलेला. तिने तो पाहिला होता. चांगली खोली होती. उजेड होता. दाराला कडी कोणत्या बाजूने आहे हेही तिने जाता जाता पाहून घेतलं होतं.

"केलाय नळ," ती म्हणाली.

टॅक्सी तिच्या इमारतीशी थांबली. लेक तशीच पुढे गेली. ती जिना चढली, कुलूप उघडलं, आत आली आणि चपला न काढताच घरभर फिरायला लागली. आधी न्हाणीघरात. साबण नाकाला लावला. गुळगुळीत, ओलसर, काही नाही. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या हातात घेऊन हुंगल्या. कापूस हुंगावा तसं. बुटाचं पॉलिश, नवऱ्याचं, तो गेल्यावरही तिने टाकलं नव्हतं. डबी उघडताना झाकण खटकलं, आत वाळून भेगाळलेला काळा थर होता. तिने नाक जवळजवळ त्यात बुडवलं. तिथेही क्षणभर काही आलं, आणि ती खुशीने सरळ उभी राहिली. पण ते पुन्हा तेच होतं, मागून आलेलं. पॉलिश नाही, तो होता. दारात वाकून बूट चमकवणारा, ओठांतल्या ओठांत शीळ घालणारा. कॉफीची बरणी उघडली, हुंगली, बंद केली. प्रत्येक वस्तू तिच्याकडे पाहून गप्प बसली. आयुष्यभर जी घरं, जी माणसं तिच्याशी बोलत आली, त्यांनी एकजुटीने तोंड फिरवलं असावं तसं. भीती म्हणजे काहीतरी येणं असं तिला वाटत आलं होतं. हे काहीतरी न येणं होतं.

आणि मालकांची गाडी डोळ्यांपुढून हलेना. आठवड्यातून एकदा गाडी आतून बाहेरून साफ झाली की नवरा तिच्या काचा वर करून ठेवायचा. मग घरी येऊन म्हणायचा, "चला नाकवाली, ड्युटी." गॅरेज घरामागेच होतं, मालकांच्या बंगल्याच्या आवारात. ती चपला बाहेर काढायची, अनवाणी आत शिरायची, मागच्या सीटवर बसायची. तो दार लावायचा. दार लागण्याचा तो आवाज, जाड, कापसात मूठ मारल्यासारखा, आणि मग बाहेरचं जग पुसलं जायचं. तिने एक श्वास घ्यायचा. एकच. "पहिला श्वास खरा," तो म्हणायचा, "दुसरा सवयीचा." मग तो दार उघडून विचारायचा, "काय येतंय?" सुरुवातीला ती म्हणाली होती, छान येतंय की. तेव्हा तो गंभीर झाला होता. "छान-वाईट मालक ठरवतील. मला खूश करू नकोस. काय येतंय ते सांग." मग ती सांगायची. चामडं. मेण. मालकांचा चिरूट. डावीकडे कोणीतरी फुलांचं काही लावलेली बाई बसली होती. खाली पायाशी ओला कुत्रा. तो मान डोलवायचा, पुन्हा फडकं घ्यायचा. "तुम्हाला नाही येत हे?" तिने एकदा विचारलं होतं. "मला कुठला येणार?" तो म्हणाला. "मी दिवसभर त्यातच असतो. आपल्या घराचा वास आपल्याला कधी येतो का?" आणि हसून, "बाकी मालकांपेक्षा जास्त मी या गाडीत बसलो, पण पुढे. मागे बसायचा मान घरात फक्त तुझा. तोही नाकामुळे." घरात भांडणं झाली, अबोले झाले, दोघं एकमेकांशी बरंच काही लपवून बोलले असतील, पण मागच्या सीटवर ती कधी खोटं बोलली नाही. तेवढी जागा त्यांनी स्वच्छ ठेवली होती.

आज दुकानात तिने म्हटलं होतं, चामड्याचा.

ती स्वयंपाकघरात गेली. एकच गोष्ट उरली होती, आणि ती पहिल्यापासून तिच्या मनात होती. साबण, गोळ्या, पॉलिश, ही सगळी टाळाटाळ होती. गॅसला स्वतःचा वास नसतो, तो मुद्दाम घालतात, माणसांना कळावं म्हणून. नवऱ्यानेच सांगितलं होतं. म्हणजे तो जगातला सगळ्यात खरा वास. तो फसवण्यासाठी नाही, तो सावध करण्यासाठीच घातलेला. तो आला तर सगळं ठीक. साबण जुना असेल, गोळ्या उडून गेल्या असतील, अत्तर हलकं असेल. तो आला तर ती रविवारी जाईल, केक खाईल आणि आपल्या घरी परत येईल. तिने शेगडीचं डावं बटण दाबून फिरवलं. काडी ओढली नाही. बारीक सूं असा आवाज आला. ती वाकली. पहिला श्वास घेतला.

काही नाही.

तिने थोडी वाट पाहिली. बर्नर लहान आहे, ती मनाशी म्हणाली, एवढ्याशाने काय कळणार, आणि उजवं बटणही फिरवलं. आता दोन सूं झाले, एक बारीक, एक जरा जाड, जोडीने ओवी म्हणणाऱ्या दोन बायकांसारखे. ती शेगडीवर ओणवी झाली. केस समोर येत होते, ते तिने कानामागे सारले. घेतला श्वास. खोल, आणखी खोल. या क्षणी कोणी दारातून पाहिलं असतं तर म्हणालं असतं, म्हातारी जीव द्यायला निघाली. आणि ती तर जगायचंच बघत होती, आपल्या घरात, आपल्या किल्लीने. डोकं जरा हलकं झालं. ते भीतीने की गॅसने, हे कळायला तिच्याकडे काही साधन नव्हतं. आवाज होता म्हणून गॅस होता. उद्या कानही गेले तर? मग गॅस नाहीच असं ती म्हणेल का? अक्का तशीच बसली होती, पाय हलवत, मजेत. अक्काच्या घरात धूर नव्हताच, अक्कापुरता.

फोन वाजला. बाहेरच्या खोलीत, पिशवीत. ती एवढी दचकली की हात शेगडीवर आपटला. तिने बटण फिरवलं, फिरलं, बंद झालं, आणि ती धावली.

"आई, अगं माझा चष्मा तुझ्या पिशवीत राहिला. मी मागे फिरलेय. खालीच आहे. येते वर."

"मी आणून देते खाली."

"आणि गुडघे? आले मी."

फोन बंद. ती खोलीच्या मध्यभागी उभी राहिली. लेकीचं नाक तिचंच होतं, तिच्यावरच गेलेलं. दारात पाऊल टाकताच लेकीला कळेल. गॅस. आणखी एक काही. बस, यापुढे बोलणंच नाही. तिने स्वयंपाकघराची खिडकी उघडली, एक पान उघडलं, दुसरं गंजून बसलं होतं, ते उघडेना. घरात वास आहे का? असेल. किती? घरभर? की स्वयंपाकघरातच? का नाहीच? ती हवेत तोंड वर करून, मांजर उंच फळीकडे बघतं तशी, घराकडे बघत राहिली. वास आहे की नाही हे कळत नाही आणि तो झाकायचा मात्र आहे. आंधळ्याने डाग धुवावा तसं. जिन्यावर लेकीची पावलं वाजली, ती ओळखीची, दोन दोन पायऱ्या घेणारी, वय झालं तरी. तिने पुठ्ठ्याच्या पिशवीची दोरी तोडली. खोका फाडला. वरचा चकचकीत कागद दातांनी ओढला. गिअरच्या मुठीचं टोपण तिच्या तळव्यात जड आणि गार बसलं, आणि ते तिने फेकलं, चंदेरी माशासकट. मग ती फवारत सुटली. दारात, पडद्यांवर, सोफ्यावर, स्वयंपाकघराच्या चौकटीत. फुस्स, फुस्स, फुस्स. हातावर गार तुषार पडत होते. हवेत बारीक धुकं उतरताना उन्हाच्या पट्ट्यात दिसत होतं. संत्र्याची साल असेल ती. आता चामडं असेल. सगळं घर, तिला दिसत नसलेल्या कुठल्या तरी श्रीमंत पुरुषाने भरून गेलं असेल.

बेल वाजली. ती जागच्या जागी गोठली. बेलच्या बटणात ठिणगी असते, हे तिला तेव्हा आठवलं. काही झालं नाही. बेल नेहमीसारखी किणकिणली आणि थांबली.

दार उघडताच लेक एक पाऊल मागे सरली. "अगं बाई." मग आत येऊन तिने हात नाकाशी नेला. "आई, हे काय? सगळी बाटली ओतलीस की काय?" तिला जमिनीवरचा खोका दिसला, दातांनी ओढलेला कागद दिसला, सोफ्याखाली गेलेलं टोपण दिसलं. "हे फोडलंस तू? त्यांचं होतं ना ते?"

"बघत होते."

"काय बघत होतीस? दुकानात बघितलंस की. तूच ओळखलंस."

"पुन्हा बघत होते."

लेकीचा हात पंख्याच्या बटणाकडे गेला. "पंखा नको," ती म्हणाली, आणि तिचा आवाज एवढा मोठा आला की दोघी दचकल्या. "मला थंडी वाजतेय."

लेकीने हात मागे घेतला. तिच्याकडे नीट पाहिलं. डॉक्टरांकडे नेताना पाहतात तसं, चेहऱ्यावर थांबून, मग हातांवर, मग पायांवर. "चपला घालून फिरतेयस घरात," ती म्हणाली. मग सोफ्यावर टेकली, आईलाही हाताला धरून शेजारी बसवलं. दोघी समोर बघत बसल्या, दार बंद, खोलीत ऊन तिरपं. लेकीच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू गळून गेला आणि त्या जागी जुनं, लहान काहीतरी आलं. "बाबांची गाडी," ती म्हणाली. "एकदाच बसवलं होतं मला. मालक परगावी होते तेव्हा. तू म्हणालीस, सीटला हात लावू नकोस, आणि बाबा म्हणाले, लावू दे. तोच वास आहे, आई. कसा काय केला असेल यांनी?"

ती मान हलवत राहिली. मान हलवणं सोपं होतं. तिला वाटलं, आता चष्मा दिला की ही जाईल. खिडकी उघडी आहे, असेल नसेल ते उडून जाईल. नवी बाटली मी उद्या घेऊन येईन, कोणाला कळणार? रविवार होईल. त्यानंतरचा रविवार होईल. एक एक रविवार असा लपवून नेता येईल, शेवटापर्यंत, किंवा मला स्वतःलाच आठवेनासं होईपर्यंत. मग लपवायला काही राहणार नाही.

लेकीने तिच्याकडे वळून पाहिलं. चेष्टेने, मायेने, अगदी बापासारखी भुवई वर करून तिने विचारलं, "चला नाकवाली. काय येतंय?"

खोलीची दारं बंद होती. शेजारी कोणीतरी उत्तराची वाट पाहत होतं. मागच्या सीटवर खोटं बोलायचं नाही. चामडं, हा शब्द तिच्या जिभेवर तयार होता, दुकानातून आणलेला, ताजा. तिने तोंड उघडलं आणि तो पुढे सरकेना.

"काहीच येत नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे काही येत नाही गं. दुकानातही आलं नाही. साबणाला नाही, कशाला नाही. सर्दीनंतर असेल, मला माहीत नाही. अक्कालासुद्धा." पुढचं ती बोलली नाही. लेकीला अक्कामावशी माहीत होती. कडी लावायला लेकही होती त्या दिवशी.

लेकीने तिचा हात धरला. बोटं गार होती, कोणाची ते सांगता आलं नसतं. मग आईच म्हणाली, "तू सांग मला. मला येत नाही तर तू सांग. पहिला श्वास घे फक्त. आणि मला खूश करू नकोस."

लेकीने डोळे मिटले. तिचे डोळे ओले झाले होते, पण ती खरंच मिटून बसली, शाळेत उभ्या केलेल्या मुलीसारखी ताठ. "संत्रं," ती म्हणाली. "संत्र्याची साल. ती आता कमी झालीय. मग चामडं, पण नवं, वापरलेलं नाही. लाकूड काहीतरी, पेन्सिलीला टोक काढताना येतो तसं." तिने मान किंचित वळवली. "तुझ्या केसांचं तेल येतंय." मग ती थांबली. कपाळावर आठी पडली.

"आणि?" तिने विचारलं.

लेकीने डोळे उघडले.

"आणि काय येतंय?"

"गॅस येतोय, आई."

लेक उठली. धावली नाही, चालत गेली, पण तिचे खांदे तिने असे वर घेतले होते जसं कोणीतरी मागून मारणार आहे. मी बंद केला, असं सोफ्यावरून तिला म्हणायचं होतं. बटण फिरलं होतं, बोटांना आठवत होतं. मग बोटांना दुसरंही आठवलं. दोन सूं होते. एक बारीक आणि एक जाड. आतून बटणाचा आवाज आला, खट्, छोटासा, आणि त्यानंतर आलेली शांतता इतकी मोठी होती की आतापर्यंत घरात काहीतरी बोलत होतं हे तिला तेव्हाच कळलं. लेकीने खिडकीचं गंजलेलं पान खांद्याने ढकलून उघडलं. मग बाकीच्या खिडक्या, मग दार. बाहेरची हवा आत आली, पडदे फुगले. स्वयंपाकघरात लेक थोडा वेळ ओट्याला धरून उभी राहिली, पाठमोरी, आणि तिची पाठ हलत होती.

परत येऊन ती शेजारीच बसली. रागावली नाही. "रविवारी मी न्यायला येईन," ती म्हणाली. "नाही. आजच चल. रविवारी येऊन सामान नेऊ." आणि मग, "मी बेल वाजवली ना, आई. एक ठिणगी पुरली असती."

"हो."

"काही झालं नाही."

"नाही झालं."

दोघी पुन्हा समोर बघत बसल्या. उघड्या दारातून जिन्यातला उजेड दिसत होता, कोणीतरी वर जात होतं, पिशव्या सावरत. त्या मागच्या खोलीत उजेड चांगला होता, ती मनाशी म्हणाली. पलंगावरचं प्लॅस्टिक आता काढतील. त्या खोलीला, त्या उशीला, त्या घरातल्या माणसांना, नातवंडांच्या कपड्यांना, ज्या घरात आता राहायचं आणि बहुधा तिथूनच जायचं, त्या घराला कसला तरी वास असेल. पाहुणी म्हणून जायची तेव्हा तो यायचा तिला दारातच. आता आठवायला गेली तर आठवेना. चामडं आठवत होतं, चिरूट आठवत होता, एका ओल्या कुत्र्याचा वास आठवत होता, ज्याला मरूनही कित्येक वर्षं झाली. हे नाही.

"तुमच्या घराला कसला वास येतो गं?" तिने विचारलं.

लेकीने विचार केला. मनापासून केला, कारण आता खोटं बोलायचं नव्हतं. हवा आत येत राहिली. शेवटी तिने मान हलवली.

"मला कुठला येणार, आई," ती म्हणाली.

आई वाकली, हळूच पायांतल्या चपला काढल्या, आणि सोफ्याच्या बाहेर, दारापाशी ठेवतात तशा, नीट जोडून ठेवल्या.